कचेरी येईल, भावाची किल्ली कुठे राहील?



यंदाच्या जिल्हा बैठकांसाठी जे ठराव आमच्याकडे आले आहेत, त्यांत एक ठराव वारंवार दिसतो. शब्द इकडचे तिकडे, मतलब एकच. भारतीय कापूस महामंडळाचे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलीतल्या सीसीआयचे, मुख्यालय नवी मुंबईतून उचलून कापूस पिकवणाऱ्या मुलखात आणावे. कोणी अकोला म्हणतो, कोणी यवतमाळ, कोणी परभणी. कचेरी आली की पैसा येईल, पैसा आला की बाजारपेठ हलेल, पोरांना नोकऱ्या लागतील आणि साहेब डोळ्यांसमोर राहतील, असे ठराव मांडणाऱ्यांचे म्हणणे आहे.

ठराव मांडणारे आपलेच आहेत आणि त्यांच्या मनातला राग खरा आहे. सीसीआय १९७० साली स्थापन झाली. तिची मोठी इमारत बेलापूरला उभी आहे आणि तिला नाव दिले आहे कपास भवन. त्या भवनाच्या खिडकीतून खाडी दिसते, डोंगर दिसतो, रेल्वे दिसते; पऱ्हाटीचे एक झाड दिसत नाही. ज्या मुलखात भाताची खाचरे आणि मिठागरे होती तिथे बसून वाशीम आणि वणीच्या कापसाचा हिशोब होतो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. त्यामुळे "उंटावरून उतरा, आमच्यात या" असे कास्तकाराने म्हटले तर त्यात वावगे काही नाही.

तरीही हात वर करण्याआधी दोन घटका थांबावे, अशी आमची विनंती आहे. शेळ्या उंटावरून हाकल्या काय आणि खाटेवर बसून हाकल्या काय, शेळीच्या दृष्टीने फरक काय पडतो? काठी कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. ठरावात कचेरी हलवा असे लिहिले आहे. काठीबद्दल एक अक्षर नाही.

पगाराचा हिशोब करून पाहू

भावनेचा भाग बाजूला ठेवू आणि आपण रोज करतो तसा रोकडा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. कोणाला वाटले तर कमीजास्त करून पाहावेत.

समजा तीनशे माणसांची कचेरी आपल्या जिल्ह्याच्या गावी आली. साहेबापासून शिपायापर्यंत सरासरी ऐंशी हजार रुपये महिना पगार धरू. महिन्याला २ कोटी ४० लाख, वर्षाला २८ कोटी ८० लाख रुपये झाले. रक्कम लहान नाही. पण ती सगळी गावात राहील काय? त्यातून आयकर जाईल, भविष्य निर्वाह निधी जाईल, पुण्यात शिकणाऱ्या पोरांचा खर्च जाईल, मुंबईतल्या फ्लॅटचा हप्ता जाईल. उरले ते घरभाडे, किराणा, दूध, भाजी, पेट्रोल. घरभाडे ज्याची इमारत शहरात आहे त्याला मिळेल. किराणा दुकानदाराला मिळेल. दूध आणि भाजीत चार पैसे आसपासच्या पाच-दहा गावांना मिळतील. मिळोत बापडे, आमचा त्याला विरोध नाही.

नोकऱ्यांचे म्हणाल, तर महामंडळाची भरती देशभराच्या परीक्षेतून होते. कचेरी अकोल्यात आली म्हणून बार्शीटाकळीच्या पोराला अर्जात दोन गुण जादा मिळत नाहीत. त्याच्या वाट्याला येईल ते कंत्राटी चौकीदाराचे काम, गाडीवरची चालकी आणि उपाहारगृहातले कप विसळणे. कपास भवनात चहा नेणाऱ्या पोराच्या बापाचा कापूस महाग विकला जातो असे काही शास्त्र नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब. यवतमाळसारख्या जिल्ह्यात चार लाख हेक्टर कापूस धरू. कोरडवाहूत हेक्टरी आठ क्विंटल धरू, म्हणजे जिल्ह्याचा कापूस झाला बत्तीस लाख क्विंटल. क्विंटलमागे भाव शंभर रुपयांनी घसरला तर जिल्ह्याचे किती गेले? बत्तीस कोटी. म्हणजे वर्षभर तीनशे माणसांना दिलेला सगळा पगार एकीकडे आणि कापसातली फक्त शंभर रुपयांची घसरण एकीकडे. पारडे घसरणीचे जड. आणि शंभर रुपयांची घसरण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे काय? सकाळी बंडी भरून निघावे आणि दुपारी काट्यावर पोहोचेपर्यंत शंभर रुपये उतरलेले असावेत, हे आपण सगळ्यांनी भोगले आहे.

ज्यांना कचेरीने जिल्हा श्रीमंत होतो असे वाटते, त्यांनी हा हिशोब खोडून दाखवावा. जिल्हा श्रीमंत होतो तो पिकाच्या भावाने. पगार तीनशे घरांत येतो. भाव लाखो घरांत येतो. पगार आधी शहरात थांबतो आणि उरलासुरला गावाकडे झिरपतो. भाव आधी गावात येतो आणि मग शहरातली दुकाने चालवतो. कापसाला भाव मिळालेल्या वर्षी जिल्ह्याच्या बाजारपेठेत दिवाळीला काय गर्दी असते आणि भाव पडलेल्या वर्षी तीच दुकाने कशी ओस पडतात, हे कोणत्याही कापडदुकानदाराला विचारा.

इतिहास काय सांगतो

मुख्यालय गेल्याचे आणि आल्याचे दाखले शोधायला लांब जायला नको. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी आपल्या दौलताबादला आणली आणि काही वर्षांत परत नेली. त्यातून मराठवाड्याच्या कुणब्याला काय मिळाले? तुघलकी हा शब्द तेवढा मिळाला.

नागपूरचा दाखला जवळचा आहे आणि तो जास्त दुखरा आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी झाले. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि राजधानी गेली. मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला गेला आणि विदर्भाचा मुंबईला. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूला राहिली. हातात राहिला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. निधीची न्याय्य वाटणी, नोकऱ्यांत वाटा, सरकार काही काळ नागपुरात राहील आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होईल, अशी त्यातली वचने.

त्या वचनांचे काय झाले हे सरकारच्याच समितीने सांगितले. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष मोजला. तो ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातले १,२४६ कोटी एकट्या विदर्भाचे होते. विदर्भ आणि मराठवाडा मिळून निम्म्याहून जास्त. राजधानी जाण्याने नुकसान झाले नाही, असे आम्ही म्हणत नाही. वकिलाचे झाले, छापखानेवाल्याचे झाले, सरकारी नोकरीच्या आशेवर शिकलेल्या पोराचे झाले. धरणे आणि कालवे दुसरीकडे गेले, हे तर सगळ्यात मोठे नुकसान.

पण मग उलटा प्रश्न विचारायला हवा. राजधानी नागपुरात होती त्या काळात वऱ्हाडचा कास्तकार सुखी होता काय? वऱ्हाडात सोन्याचा धूर निघाला असे जुने लोक सांगत, तो काळ आठवा. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा, १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला भाव चढला. योगायोग असा, की त्याच १८६१ साली नागपूर राजधानी झाले. पण वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या अमलाखाली नव्हताच! पैसा आला तो दूरच्या बाजाराने आणला, जवळच्या कचेरीने नाही. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागला आणि भाव कोसळला. राजधानी होती तिथेच होती. तिने भाव चढवला नव्हता आणि तिला तो सावरताही आला नाही. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, ती तिथली कापसाची पेठ पाहून आली. कोणाचे मुख्यालय पाहून नाही.

आणि करारातले ते अधिवेशन? १९६० पासून हिवाळ्यात सरकार नागपूरला येते. दोन आठवडे हॉटेले भरतात, गाड्यांचे ताफे फिरतात, संत्राबर्फी खपते. हेच मुख्यालय येण्याचे छोटे रूप आहे. त्या दोन आठवड्यांत कापसाचा प्रश्न सुटला असता, तर आज साठाहून जास्त वर्षांत किती वेळा सुटायला हवा होता? दारात आलेले सरकार दार उघडतेच असे नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना आपले मागणे घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात गेला होता. कोणी मंत्री सामोरा आला असता तर कदाचित प्रसंग टळता. चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली, त्यांत बाया आणि लेकरे होती. सरकार किती हाकेवर आहे यापेक्षा ते हाक ऐकते की नाही, याला मोल आहे. हा धडा इतकी किंमत मोजून शिकलेल्यांनी तो विसरू नये.

कचेरी दारात होती तेव्हा

काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, हा जुना इतिहास झाला. तर मग तुमच्या बापाने पाहिलेला इतिहास घ्या. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी. सरकारची खरेदी कचेरी तेव्हा तालुक्याच्या गावात, जिनिंगच्या आवारात आली होती. ग्रेडर ओळखीचा, केंद्रप्रमुख ओळखीचा, पुढारी तर घरचाच. यापेक्षा जवळ कचेरी ती कोणती?

त्या जवळच्या कचेरीने काय केले? दुसऱ्या कोणाला कापूस विकायला बंदी केली. शेजारच्या राज्यात भाव जादा असला तरी हद्दीवर नाके बसवले आणि स्वतःच्या शेतातला कापूस नेणाऱ्या कास्तकाराला चोर ठरवले. बंड्यांच्या रांगा चार-चार दिवस उभ्या राहिल्या. प्रत कोणती हे ग्रेडरच्या तोंडावर अवलंबून होते. पैसे हप्त्याहप्त्याने, त्यातूनही भांडवल निधीच्या नावाने तीन टक्के कापून. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती मक्तेदारी मोडली, तेव्हा कास्तकाराने सुटकेचा श्वास सोडला. गावच्या वेशीवर आलेली कचेरी आपली होत नाही. हातात अधिकार नसेल तर ती जवळ आल्याने लूटही जवळ येते, एवढाच फरक.

अमेरिकेतला ताजा दाखला

मुख्यालये हलवण्याचे वेड आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या दोन संस्था वॉशिंग्टनमध्ये होत्या. एक शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारी, दुसरी शेती संशोधनाला पैसा वाटणारी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शेतीमंत्र्यांनी जाहीर केले, की या संस्था शेतकऱ्यांच्या जवळ नेणार. जून २०१९ मध्ये कॅन्सास सिटी हे शहर ठरले. पंधरा वर्षांत तीस कोटी डॉलर वाचतील, असा सरकारचा दावा होता. हलवायची होती साडेपाचशेच्या आसपास पदे. त्या माणसांपैकी बहुतेकांनी जायला नकार दिला. वर्षानुवर्षे आकडे गोळा करणारी, जाणती माणसे नोकरी सोडून गेली. पुढे जागा भरल्या, पण हात नवे होते.

आता पाहा. कॅन्सास हे अमेरिकेतले ज्वारीचे पहिल्या क्रमांकाचे राज्य. म्हणजे ज्वारीवाल्याच्या उंबरठ्यावर कचेरी आली. त्याच सुमारास त्या ज्वारीवाल्याचे काय चालले होते? अमेरिका आणि चीनच्या व्यापारयुद्धात २०१८ मध्ये चीनने अमेरिकन ज्वारीवर जकात बसवली आणि त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. तो निर्णय वॉशिंग्टन आणि बीजिंगच्या भांडणातून आला. कचेरी कॅन्सास सिटीला आली म्हणून भाव परत आला नाही.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या तिथल्या खात्याचे मुख्यालय वॉशिंग्टनमधून कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन या गावी नेण्याचे २०१९ मध्ये ठरले. आता आपले नशीब उघडणार, म्हणून गाव खुशीत. वॉशिंग्टनबाहेर न्यायची होती ३२८ पदे. सरकारने पुढे दिलेल्या हिशोबानुसार प्रत्यक्ष घर हलवून गेली ४१ माणसे, तीही वेगवेगळ्या ठिकाणी. ग्रँड जंक्शनला किती गेली? तीन! २०२१ मध्ये सरकार बदलले आणि मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला नेण्याचे जाहीर झाले. पाटी आली, पाटी गेली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

जमीन कोणाची जाईल?

ठरावात एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. मुख्यालय कुठे बांधणार? कचेरी म्हटली की इमारत आली, इमारतीमागे वसाहत, वसाहतीमागे विश्रामगृह, रस्ता, वळणरस्ता. हे सगळे कोणाच्या शेतात?

कपास भवन ज्या नवी मुंबईत उभे आहे तिचीच गोष्ट घ्या. मुंबईवरचा भार कमी करायचा, सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे न्यायच्या, असे म्हणून १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. गंमत पाहा, ज्या मंत्रालयासाठी माणसे वाट पाहत होती ते मुंबईतून हलले नाही. शेतकऱ्याची जमीन मात्र हलली. मिळालेला मोबदला इतका थोडा होता, की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली गावे रस्त्यावर आली आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच शेतकरी मेले. त्यांच्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना निघाली. आज बेलापूरच्या एका गाळ्याची किंमत विचारा आणि ती जमीन पिकवणाऱ्याला काय दिले होते ते विचारा. मुख्यालय येण्याचा आर्थिक परिणाम म्हणतात तो हा. जमिनीचा भाव वाढतो, पण तो वाढतो जमीन तुमच्या हातून गेल्यानंतर.

मुख्यालय येणार अशी नुसती आवई उठली की सगळ्यात आधी कोण जागा होतो? कास्तकार नाही, तो डवऱ्यामागे असतो. जागा होतो तो प्लॉटवाला. ठरावाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवणारे कोण आहेत, हे पुढच्या बैठकीत मागे वळून एकदा पाहून घ्या.

किल्ली आहे तरी कुठे?

मार्च २०२३ मध्ये वस्त्रोद्योग आयुक्तांची कचेरी मुंबईतून दिल्लीला नेणार, यावरून विधिमंडळात गदारोळ झाला. मुंबईचे महत्त्व कमी होते म्हणून विरोधक तापले. कचेरी मुंबईतच राहणार, असा सरकारने खुलासा केला. त्याच दिवसांत कापूस घरात भरून, भाव चढेल या आशेने कास्तकार बसून होता. पोरांच्या अंगाला त्या कापसाने खाज सुटली होती. त्या गदारोळात घरातल्या कापसाचे काय, असे कितीजणांनी विचारले? भांडण खुर्ची कोणत्या शहरात ठेवायची याचे होते. खुर्चीखाली चेंगरलेल्याचे नव्हते.

मग २०२५ आले. १९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. तारखा नीट पाहा. दसऱ्या-दिवाळीला आपली पहिली वेचणी घरात येते आणि डिसेंबरपर्यंत गरजू कास्तकाराचा कापूस विकून होतो. नेमक्या त्या महिन्यांत परदेशी गाठींना दार सताड उघडे. हा निर्णय बेलापूरला झाला काय? नाही, दिल्लीत झाला. हमीभाव कुठे ठरतो? दिल्लीत. सीसीआय कोणत्या मंत्रालयाखाली आहे? वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली, शेतीच्या नव्हे. ज्या खात्याचे काम गिरण्यांना रुई मिळवून देणे, त्याच खात्याच्या महामंडळाने कास्तकाराचे हित पाहायचे! सीसीआयचे मुख्यालय उद्या यवतमाळच्या बसस्थानकासमोर आणले तरी दिल्लीचा फोन तिथेही लागणारच आहे.

आणि अकोल्याला सीसीआयची शाखा आहेच की! ती असून वऱ्हाडच्या कापसाला कोणता जादा भाव मिळाला? २०२५ च्या हंगामात तर नोंदणी मोबाईलवरच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर आली. म्हणजे कचेरी खिशात येऊन बसली. काळजी मिटली काय? दिव्याखाली अंधार असतो. दिवा उचलून जवळ आणला म्हणून अंधार जात नाही, फक्त आपण त्या अंधारात येतो.

मग मागायचे काय?

आम्ही ठराव फेटाळा असे म्हणत नाही. तो सुधारून घ्या असे म्हणतो. पाटी मागू नका, पाटीमागचा अधिकार मागा.

ओलाव्याचेच उदाहरण घ्या. हमीभाव आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला असतो. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे ओलावा मोजणारे यंत्र एका टक्क्याने चुकले की क्विंटलला ८१ रुपये गेले. वीस क्विंटलच्या गाडीला १,६२२ रुपये. चार टक्क्यांची कपात असेल तर क्विंटलला ३२४ रुपये. त्या यंत्राबद्दल तक्रार असेल तर कास्तकाराने जायचे कुठे? गाडीचे भाडे चढत असते, मागची रांग ओरडत असते, तो मुकाट्याने अंगठा देतो. मुख्यालय जिल्ह्यात आले तरी तो तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबाकडे जाणार नाही. त्याला न्याय हवा आहे तो काट्यापाशी, त्याच घटकेला.

म्हणून आमची दुरुस्ती अशी. एक, खरेदी केंद्र कधी उघडायचे आणि कुठे उघडायचे, हे जिल्ह्यात ठरावे आणि पहिल्या वेचणीआधी ठरावे. दिवाळीनंतर केंद्र उघडणे म्हणजे वरातीमागून घोडे. दोन, प्रत आणि ओलावा यांच्या वादाचा निकाल त्याच आवारात, त्याच दिवशी लागावा. दुसरे तपासलेले यंत्र तिथे ठेवावे आणि निकाल देणाऱ्यांत कास्तकाराचा माणूस असावा. तीन, चुकारा ठरल्या दिवसांत खात्यावर यावा, उशीर झाला तर व्याजासह यावा. सोसायटी आपल्याकडून व्याज घेते तसेच. चार, महामंडळ गाठी कधी आणि कोणत्या दराने विकते याचा परिणाम आपल्या भावावर होतो; कास्तकाराच्या घरात कापूस असताना बाजार पाडणारी विक्री होऊ नये. पाच, आयात शुल्काचा निर्णय हंगामाच्या तोंडावर फिरवू नये. सहा, कापूस कोणालाही, कुठेही विकण्याची मोकळीक कायम राहावी. सरकारी केंद्र हा आधार असावा, खोडा नसावा. आणि सात, यातून कोणतीही नवी इमारत उभी राहिली तर ती पडीक सरकारी आवारातच उभी राहावी. एक गुंठाही शेतजमीन घेऊ नये.

एक अपवाद आम्ही आनंदाने मान्य करतो. संशोधनाची ठिकाणे मात्र आपल्या काळ्या मातीतच हवीत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ ला आले, परभणीचे १९७२ ला, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ला. वाण आपल्या मातीत, आपल्या पावसात आणि आपल्या बोंडअळीसमोर तपासले जावे लागते, ते मुंबईत बसून होत नाही. तिथे जवळ असण्याला अर्थ आहे. पण तिथेही नुसत्या जवळ असण्याने भागत नाही, याला ज्वारी साक्ष आहे. रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र सोलापुरात, ज्वारीच्या पंढरीत आहे. वाण आले, धाटे उंच झाली, कणसे भरली. तरी ज्वारीचा पेरा का घटत गेला? कारण गहू-तांदळाच्या मानाने ज्वारीची सरकारी खरेदी नावापुरती. संशोधन शेजारी आणि गिऱ्हाईक बेपत्ता, तर कास्तकार ज्वारी पेरील कशाला?

भावांनो, राजधानी गेली तेव्हा आपण रडलो. अधिवेशन आले तेव्हा आपण आशेने पाहिले. वैधानिक विकास मंडळे १९९४ ला आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली तेव्हा आपल्याला पत्ताही लागला नाही. प्रत्येक वेळी आपण कचेरी मागितली आणि प्रत्येक वेळी त्यांनी हिशोबाची वही आपल्याकडेच ठेवली. आवळा देऊन कोहळा काढणे त्यांना चांगले जमते. मुख्यालय हा आवळा आहे. तो हातात ठेवतील, फीत कापतील, जेवण घालतील, आणि त्याच आठवड्यात परदेशी गाठींचे जहाज बंदराला लागेल.

म्हणून येत्या बैठकीत ठराव वाचला जाईल तेव्हा उभे राहा आणि एवढेच विचारा: साहेब इथे राहायला आल्यावर माझ्या कापसाच्या काट्यावर काय बदलेल? उत्तर मिळाले तर हात वर करा. उत्तर म्हणून नुसते शहराचे नाव मिळाले, तर वरची सात कलमे वाचून दाखवा आणि दुरुस्तीला मत मागा.

कचेरी त्यांनी कुठेही ठेवावी, आपल्याला किल्ली हवी आहे.